लिथियमची ५ मिलिग्रॅमची गोळी मनाच्या उभारीसाठी घ्यावी का?

प्रश्न: हिशेबनीस, अक्कलकोट रोड

नमस्कार. माझे वय ५३ असून सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात गेली २६ वर्षे मी हिशेबाचे काम पाहतो. प्रश्न थोडा खासगी आहे, परंतु ओळखीच्या माणसाला विचारण्यापेक्षा येथे लिहिणे सोपे वाटले.

दीड वर्षापूर्वी आई गेली. तेव्हापासून पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत झोप लागत नाही. कामात चुका होत नाहीत, पण जी जुळवणी पूर्वी दोन तासांत होत असे तिला आता दिवस पुरत नाही. या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला मी गेलो नाही, आणि न गेल्याचे मला काही वाटलेही नाही. सौभाग्यवतीला मात्र त्याचेच अधिक वाईट वाटले. रडू येत नाही, कोणावर राग नाही, फक्त सगळे फिके झाले आहे.

दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या पुतण्याने ‘लिथियम ओरोटेट’ नावाच्या गोळ्यांची एक बाटली दिली. त्याच्या म्हणण्यानुसार हे औषध नसून शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारे खनिज आहे, ते झऱ्यांच्या पाण्यात आपोआप असते, पूर्वी तिकडच्या शीतपेयातही घालत असत आणि तेथे ते चिठ्ठीशिवाय मिळते. तो स्वतः रोज एक गोळी घेतो आणि त्याचे मन शांत राहते, असे तो सांगतो. नुकताच एका मोठ्या विज्ञान नियतकालिकातला लिथियमवरचा लेखही त्याने मला पाठवला आहे.

परवा मी बाटलीच्या तोंडावरचा कापूस काढला, एक गोळी तळहातावर घेतली आणि पुन्हा आत टाकली. मानसिक रुग्णांना देतात तेच हे लिथियम का, हा माझा पहिला प्रश्न आहे. मला सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, जेवणात मीठ कमी आहे आणि गुडघ्यासाठी अधूनमधून वेदनाशामक घ्यावे लागते. या सगळ्याबरोबर ही गोळी चालेल का, हा दुसरा. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे असे सौभाग्यवती म्हणते, पण सोलापूर तसे लहान गाव आहे आणि सात रस्त्यावर दवाखान्याच्या पायरीवर कोणी ना कोणी ओळखीचे भेटतेच.

उत्तर: जुळे सोलापूरकर

मी हीच गोळी अडीच महिन्यांपासून घेत आहे आणि मला झोप चांगली लागते. काहीही त्रास झालेला नाही. एवढ्याशा मात्रेला घाबरण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. अनुभव म्हणून सांगितले, निर्णय आपला.

उत्तर: निवृत्त औषधविक्रेता

हिशेबनीस साहेब, आपण गोळी परत बाटलीत टाकली आणि आधी विचारले, हे फार बरे केले. ३४ वर्षे औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे उभा राहिल्यामुळे मला थोडे सविस्तर लिहिण्याची सवय आहे, ती सहन करावी.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, तेच’ असे आहे. बाटलीतले लिथियम आणि मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात ते लिथियम हे एकच मूलद्रव्य आहे; फरक आहे तो त्याला कोणत्या आम्लाची जोड दिली आहे याचा आणि मात्रेचा. आपल्याकडे मिळते ते लिथियम कार्बोनेट. त्याच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत शुद्ध लिथियम साधारण ५६ मिलिग्रॅम असते आणि रुग्णाला दिवसाला अशा दोन, तीन किंवा त्याहून अधिक गोळ्या लागू शकतात. ओरोटेटमध्ये शुद्ध लिथियमचे प्रमाण जेमतेम ४ टक्के असते. त्यामुळे आपल्या बाटलीवर कदाचित दोन आकडे असतील: १२० किंवा १३० हा संपूर्ण संयुगाचा आणि ५ हा त्यातल्या लिथियमचा. हा घोळ नवा नाही. कॅल्शियमच्या गोळीवर १२५० लिहिलेले पाहून ‘एवढे कॅल्शियम पोटात जाते का?’ असे विचारणारे गिऱ्हाईक मला दर महिन्याला भेटे, आणि त्यातले कॅल्शियम ५०० च आहे हे पटवण्यात माझी पाच मिनिटे जात.

म्हणजे दिवसाला तीन कार्बोनेटच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या तुलनेत आपली मात्रा सुमारे तेहतिसावा भाग आहे. येथवर आपल्या पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यापुढे त्याने जी उडी मारली आहे, ती मला मान्य नाही. कार्बोनेटच्या बाबतीत रक्तातली पातळी किती हवी हे ठरलेले आहे: दीर्घकाळच्या उपचारात ती बहुधा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका सुरू होतो. औषध गुणकारी ठरते ती पातळी आणि अपाय करते ती पातळी यांत इतके थोडे अंतर असलेली औषधे फारशी नाहीत. म्हणूनच त्याला चिठ्ठी लागते, आणि शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त काढून ते तपासावे लागते. ५ मिलिग्रॅममुळे रक्तात येणारे लिथियम इतके अल्प असेल की नेहमीच्या तपासणीत ते नीट मोजताही येणार नाही. मग ते मनावर काम करते की नाही, हे कशावरून ठरवायचे? या मात्रेचा नैराश्यावर काय परिणाम होतो हे दाखवणारी मोठी, नीट आखलेली चाचणी झालेली नाही. अमेरिकेत अशी पूरके १९९४ च्या एका कायद्याखाली विकली जातात आणि त्या कायद्यानुसार गुण येतो हे विक्रीपूर्वी सिद्ध करून दाखवावे लागत नाही. तेव्हा ‘तिकडे चिठ्ठीशिवाय मिळते’ ही सुरक्षिततेची पावती समजू नये.

ओरोटेट पेशींमध्ये सहज शिरते, म्हणून थोडे पुरते, हा दावा हान्स नीपर या जर्मन डॉक्टरांनी १९७० च्या दशकात पुढे आणला. त्यावर १९७९ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांवर तुलना झाली, तेव्हा ओरोटेट टोचलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांचे काम कार्बोनेटवाल्यांपेक्षा मंदावलेले आढळले. त्या मात्रा मोठ्या होत्या आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण ‘ओरोटेट अधिक सौम्य असते’ हे वाक्य कोणी छातीठोकपणे सांगू लागले तर मला तो प्रयोग आठवतो.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. शरीर लिथियम पचवत नाही किंवा मोडत नाही. ते जवळजवळ सगळे लघवीवाटे बाहेर जाते. मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमचाच भाऊबंद समजते. शरीरात मीठ आणि पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम घट्ट धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते. लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड जातीच्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ येते अशा रक्तदाबाच्या गोळ्या, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके ही तिन्ही लिथियमचे बाहेर जाणे मंदावतात. आपण लिहिलेल्या यादीत कमी मीठ आहे, वेदनाशामक आहे, आणि रक्तदाबाची गोळी नेमकी कोणती ते आपण लिहिलेले नाही. त्यात एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि घामावाटे मीठ जाते ते वेगळेच.

निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाने दिवसाला ५ मिलिग्रॅम घेतले आणि त्याची पातळी दुप्पट झाली, तरी ती विषबाधेपर्यंत पोचणार नाही, हेही सांगायला हवे. मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. आपले मूत्रपिंड निरोगी आहे हे सहा वर्षांच्या रक्तदाबानंतर तपासल्याशिवाय गृहीत धरता येत नाही. आणि एका गोळीने काही होत नाही असे दिसले की माणूस दोन घेतो, मग चार घेतो, कारण बाटली त्याच्याच हातात असते.

शेवटी, न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलतो. पहाटे ठरावीक वेळी येणारी जाग, कामाचा मंदावलेला वेग, आवडीच्या गोष्टीतला उडालेला रस आणि हे सर्व दीड वर्ष चाललेले, हे वर्णन मी वाचले तेव्हा मला लिथियमपेक्षा त्याचीच अधिक काळजी वाटली. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे, कारण थायरॉइड मंद झाले तरी माणूस असाच फिका पडतो, आणि लिथियम हे थायरॉइड मंद करण्यासाठी प्रसिद्ध आहे. जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार कधी जातात का? जात असतील तर कोणाचीही वाट न पाहता आजच घरात सांगावे आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर बोलावे. तो केंद्र सरकारचा क्रमांक आहे, २४ तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पायरीवर कोणी ओळखीचे भेटण्याचा प्रश्नही तेथे येत नाही.

उत्तर: विज्ञान शिक्षिका, बार्शी

औषधविक्रेत्या काकांनी मुख्य मुद्दे मांडले आहेत. मी फक्त पुतण्याच्या ‘झऱ्याचे पाणी’ आणि ‘शीतपेय’ या दोन गोष्टींबद्दल लिहिते, कारण त्या दोन्ही खऱ्या आहेत आणि खऱ्या असल्यामुळेच फसवतात.

ते शीतपेय म्हणजे आज आपल्या नाक्यावर मिळणारे सेव्हन-अप. ते १९२९ मध्ये बाजारात आले तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट असे आणि नावातही लिथियमचा उल्लेख होता. १९४८ मध्ये ते काढून टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी काय घडले ते पुतण्याने सांगितलेले दिसत नाही. हृदयविकार आणि रक्तदाबाच्या ज्या रुग्णांना मीठ बंद होते, त्यांच्यासाठी अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाऐवजी जेवणावर शिंपडायला विकले जात असे. त्यातून विषबाधा झाल्या, काही रुग्ण दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून उठवावे लागले. आपणही मीठ कमी करणारे रक्तदाबाचे रुग्ण आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. योगायोग असा की त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम देऊन त्यांच्यात पडलेला फरक प्रसिद्ध केला. ज्या पदार्थाला एका देशात विष म्हणून बाजारातून हाकलले, तो दुसऱ्या देशात त्याच वर्षी औषध म्हणून रुजत होता. अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली ती थेट १९७० मध्ये.

आता पाण्याबद्दल. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या २७ परगण्यांची १९७८ ते १९८७ या काळातली आकडेवारी घेऊन १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नळाच्या पाण्यात लिथियम अधिक असलेल्या परगण्यांत आत्महत्या कमी आढळल्या. २००९ मध्ये जपानच्या ओइता प्रांतातल्या १८ नगरपालिकांच्या अभ्यासातही तसेच दिसले. उलट डेन्मार्कमध्ये २०१७ साली देशभरातल्या नोंदी तपासल्या तेव्हा असा संबंध सापडला नाही. तरीही हा विषय गंभीरपणे घेण्याजोगा आहे, हे मी मान्य करते.

मात्र आकडे मांडून पाहावेत. ओइतामध्ये सर्वाधिक लिथियम होते ते लिटरमागे ५९ मायक्रोग्रॅम. तेथला माणूस दिवसाला दोन लिटर पाणी प्यायला तर त्याच्या पोटात ११८ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा आठवा हिस्साही जात नाही. पुतण्याच्या गोळीत ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्या पाण्याच्या ४० पटींहून अधिक. दुसरीकडे रुग्णालयातली मात्रा या गोळीच्या ३० पटींहून अधिक. म्हणजे पाण्याचे अभ्यास गोळीच्या खूप खाली आहेत, औषधाचे अभ्यास खूप वर आहेत आणि गोळी मधल्या मोकळ्या मैदानात उभी आहे. विकणारा मात्र सुरक्षितपणाचा दाखला पाण्याकडून आणतो आणि गुणाचा दाखला औषधाकडून.

शिवाय गावाच्या सरासरीवरून एका माणसाबद्दल काही ठरत नाही. आमच्याकडे माळशिरस-पंढरपूरच्या पट्ट्यात ज्या गावी ऊस जास्त त्या गावी मोटारसायकलीही जास्त दिसतात. पण म्हणून उसाचा रस पिऊन मोटारसायकल मिळत नाही, हे नववीतल्या मुलालाही समजते. आणि सोलापुरात तर कोण कोणते पाणी पितो हेच सांगणे कठीण आहे: उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, मधल्या दिवसांत बोअरचे वापरतात आणि पिण्याला जार आणतात.

पुतण्याने पाठवलेला लेख बहुधा ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला, हार्वर्डमधल्या संशोधकांचा असावा. तो अल्झायमर म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल आहे. त्या रुग्णांच्या मेंदूत साचणारी प्रथिनांची पुटे लिथियम अडकवून ठेवतात आणि ओरोटेट त्यांत कमी अडकते, असे त्यांना आढळले; उंदरांना अल्प मात्रेत ते दिल्यावर स्मृती सुधारली. काम उत्तम आहे आणि पुढे माणसांवर त्याच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. पण ते उंदरांच्या स्मृतीबद्दल आहे. पहाटे साडेतीनला जाग येणाऱ्या माणसाच्या खिन्नतेबद्दल त्यात काही नाही.

उत्तर: हिशेबनीस, अक्कलकोट रोड

दोघांचेही आभार. औषधविक्रेत्या साहेबांनी विचारल्यावरून पाकीट चष्मा लावून वाचले. ‘टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५’ असे आहे. म्हणजे आपण सांगितलेल्या दोन जाती एकाच गोळीत निघाल्या. गुडघ्याची गोळी डायक्लोफिनॅकचीच आहे आणि ती मी विचारणा न करता आठवड्यातून तीनदा तरी घेतो.

जगणे नकोसे वाटते का, या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. तसे वाटत नाही. पण पहाटे ‘आपण नसलो तरी कारखान्याचा ताळेबंद जुळेलच’ असे मनात येते, आणि हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

उत्तर: एक गृहिणी, विजापूर रोड

आपले हे शेवटचे वाक्य घरात आज रात्रीच सांगा. मी अनोळखी बाई असून आपल्याला आज्ञा करते आहे असे वाटेल, तरी सांगा.

माझे यजमान १९ वर्षांपासून लिथियम घेतात. डॉक्टरांनी दिलेले, बायपोलर आजारासाठी. त्या आधीच्या चार वर्षांत आम्ही काय पाहिले ते येथे लिहीत नाही. आज ते नोकरीतून सन्मानाने निवृत्त झाले आहेत, नातवाला शाळेत सोडायला जातात, आणि याचे श्रेय मी त्या पांढऱ्या गोळीला देते. त्यामुळे लिथियम वाईट असे मी कधी म्हणणार नाही. पण ‘ते एक प्रकारचे मीठच आहे’ असे कोणी हलकेपणाने म्हटले की मला चार वर्षांपूर्वीचा मे महिना आठवतो.

अक्कलकोटला एका लग्नात जेवून आल्यावर त्यांना जुलाब सुरू झाले. उन्हाळा कडक होता. दोन दिवस ते नुसत्या भाताच्या पेजेवर होते, तीही अळणी, कारण मीठ घातले की मळमळते असे ते म्हणत. गोळ्या मात्र त्यांनी शिस्तीने वेळच्या वेळी घेतल्या. इतक्या वर्षांत एकही गोळी चुकवायची नाही हे मीच त्यांच्या मनावर बिंबवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून बशीचा आवाज येऊ लागला. बाहेर येऊन पाहते तो कप बशीवर थरथरत होता, चहा धोतरावर सांडत होता आणि त्यांना त्याचे भान नव्हते. सदऱ्याची गुंडी काजात जाईना. मुलीला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. उठून चालले ते धावत्या एसटीत उभा असलेला माणूस चालतो तसे.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात उन्हाचा त्रास म्हणून सलाईन लावले आणि संध्याकाळी घरी सोडतो म्हणाले. लिथियमचे नाव मी काढलेच नाही, कारण ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नावर मी सवयीने ‘झोपेची’ असे सांगितले होते. चारचौघांत तेच सांगायची आम्हाला सवय लागली होती. रात्रपाळीच्या एका परिचारिकेने ‘घरातली सगळी पाकिटे आणून दाखवा’ म्हटले, तेव्हा मुलगा पिशवी घेऊन आला. रात्रीच मोठ्या रुग्णालयात हलवले. रक्तातले लिथियम २.१ निघाले. ते बरे झाले, पण हाताचा कंप जायला तीन आठवडे लागले आणि धनादेशावरची सही त्यानंतरही काही दिवस बँकेत जुळत नव्हती.

आपली मात्रा याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला वरच्या उत्तरांवरून समजले आहे. मला सांगायचे आहे ते वेगळेच. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी होते, सहा महिन्यांनी थायरॉइड आणि क्रिएटिनिन होते, जुलाब झाले की काय करायचे याची सूचना शीतकपाटावर चिकटवलेली आहे, आणि चुकले तर विचारायला एक माणूस आहे. आपल्याजवळ एक बाटली आहे आणि ती देणारा पुतण्या सात समुद्रांपलीकडे आहे.

दवाखान्याच्या पायरीबद्दल. गेल्या १९ वर्षांत त्या बाकावर मला माझ्या शाळेच्या बाई भेटल्या आहेत, आमचे किराणा दुकानदार भेटले आहेत, एकदा तर विहीणबाई भेटल्या. त्या बाकावर कोणी कोणाला ‘इकडे कुठे?’ असे विचारत नाही. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्येही मानसोपचार विभाग आहे.

उत्तर: जुळे सोलापूरकर

वरचे सगळे वाचले. माझे पहिले उत्तर घाईचे होते, हे मान्य करतो. एक गोष्ट मी लिहिली नव्हती: गोळी सुरू केली त्याच आठवड्यात मी रात्रीचा चहा सोडला आणि सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चालायलाही जाऊ लागलो. झोप कशाने आली हे आता मलाच सांगता येणार नाही. मला रक्तदाब नाही, तरी क्रिएटिनिन तपासून घेतो. तोवर गोळी बंद ठेवतो. पण ‘मोठी चाचणी झालेली नाही’ याचा अर्थ ‘गुण येतच नाही’ असा होत नाही, एवढे माझे म्हणणे शिल्लक आहे.

उत्तर: निवृत्त औषधविक्रेता

आपले शिल्लक म्हणणे मला मान्य आहे. उद्या नीट चाचणी झाली आणि गुण दिसला तर मीच येथे येऊन लिहीन. हिशेबनीस साहेबांना एकच सूचना: डॉक्टरांकडे जाताना बाटली फेकून न देता रक्तदाबाच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांसह एकाच पिशवीत घेऊन जावे. न घेतलेली गोळीही डॉक्टरांना दाखवावी, कारण ती का घ्यावीशी वाटली हे त्यांना समजले पाहिजे.

उत्तर: हिशेबनीस, अक्कलकोट रोड

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

त्या रात्री सौभाग्यवतीला सांगितले. ती काही बोलली नाही; सकाळी उठून तिने नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. थायरॉइड व्यवस्थित निघाले. क्रिएटिनिन १.३ आले; थोडे वर आहे, त्यावर लक्ष ठेवायचे असे डॉक्टर म्हणाले आणि डायक्लोफिनॅक त्यांनी पूर्णपणे बंद केले. बी-१२ मात्र १४८ आले, जे २०० च्या वर असायला हवे. मी माळकरी असल्यामुळे अंडी-मांस वर्ज्य आहे आणि आई गेल्यापासून दूध-दहीही जवळजवळ सुटले होते. ते माझ्या लक्षातही आले नव्हते. बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली आहेत. मला वाटले प्रश्न मिटला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की एवढ्यावरून सगळ्याचा उलगडा होत नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

गेल्या गुरुवारी गेलो. बाकावर शेजारी आमच्याच कारखान्याला सूत पुरवणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले, आणि दोघांनीही एप्रिलमधल्या सुताच्या दराबद्दल बोलणे सुरू केले. आत डॉक्टरांनी ४० मिनिटे दिली. त्यांनी याला नैराश्यच म्हटले. वेगळ्या जातीची एक गोळी सुरू केली असून तिचा परिणाम दिसायला तीन ते चार आठवडे लागतील, असे सांगितले. दर पंधरा दिवसांनी समुपदेशनासाठीही जायचे आहे. लिथियमची बाटली त्यांनी हातात घेऊन फिरवून वाचली, ‘ही तुमच्यासाठी नको’ म्हणाले आणि माझ्या केसपेपरवर तिचे नाव लिहून ठेवले. ‘लिथियम मीही लिहून देतो, पण ज्याला लागते त्याला आणि रक्त तपासून’ असेही म्हणाले.

पहाटेची जाग अजून आहे. काल ती साडेचारला आली.

पुतण्याला हे सर्व कळवायचे आहे. त्याने ती बाटली प्रेमाने आणली होती, त्यामुळे शब्द जपून वापरावे लागतील. त्याला स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे का, आणि असल्यास तिच्यात काय आहे, एवढे मात्र आधी विचारतो.